सातव्या कलमातील रिकामी जागा : अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहास खुले पत्र

प्रति,
मा. सभापती आणि सर्व सन्माननीय सदस्य,
प्रतिनिधिगृह, अमेरिकेची संयुक्त संस्थाने,
वॉशिंग्टन डी.सी.

विषय : न्यू एकोटा येथील १८३५ च्या तहातील सातव्या कलमानुसार चेरोकी या मूलनिवासी राष्ट्राच्या प्रतिनिधीस सभागृहात जागा देण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी जॉर्जिया राज्यातील फॉर्साइथ काउंटीत राहते. अटलांटाच्या उत्तरेकडील या भागात गेल्या काही वर्षांत भारतीयांची मोठी वस्ती झाली असून त्यात मराठी घरेही थोडीथोडकी नाहीत. याच मजकुराचे इंग्रजी पत्र मी सभागृहाच्या एका सदस्यांच्या कार्यालयाकडे दोनदा पाठवले. दोन्ही वेळा एकाच साच्यातले छापील आभारपत्र आले, आणि दुसऱ्या आभारपत्रात तर माझ्या पत्राचा विषय आरोग्यविमा असल्याचे नमूद केले होते. म्हणून आता हे पत्र उघडपणे आणि माझ्या भाषेत लिहीत आहे. तुम्ही ते वाचले नाही, तरी ज्यांची घरे माझ्या घराशेजारी याच जमिनीवर उभी आहेत आणि जे माझ्यासारखेच दर दोन वर्षांनी तुमच्यासाठी मतदानाच्या रांगेत उभे राहतात, ते तरी वाचतील.

माझे वडील नगर जिल्ह्यात तलाठी होते. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही शिस्त त्यांनी आम्हा भावंडांना लावली. त्यामुळे काही वर्षांपूर्वी घराचे कर्ज नव्याने करताना वकिलाने पुढे सरकवलेल्या गठ्ठ्यातले मिळकतीचे वर्णन मी सवयीने वाचले. त्यात आमच्या रस्त्याचे नाव बरेच खाली होते. सुरुवात होती ती ‘लँड लॉट क्रमांक अमुक, दुसरा डिस्ट्रिक्ट, पहिला सेक्शन, फॉर्साइथ काउंटी’ अशी. हा गट नंबर कधीच्या मोजणीतला, असे विचारल्यावर वकील म्हणाले की जुनी मोजणी आहे, तशीच चालत आली आहे. तेवढ्याने तलाठ्याच्या मुलीचे समाधान होण्यासारखे नव्हते. शोध घेतल्यावर कळले की ती मोजणी १८३२ च्या सोडतीची आहे. जॉर्जिया राज्याने आपल्या हद्दीतली चेरोकी राष्ट्राची सगळी जमीन चार सेक्शनमध्ये पाडली, त्यांचे डिस्ट्रिक्ट केले, डिस्ट्रिक्टांचे लॉट केले. शेतीचे लॉट १६० एकरांचे होते आणि सोने सापडेल असे वाटले तेथले ४० एकरांचे. मग मिलेजव्हिल या तेव्हाच्या राजधानीत एका पिंपात गोऱ्या अर्जदारांच्या नावांच्या आणि दुसऱ्या पिंपात लॉटच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून त्या जोडीने काढल्या. आमचे घर, त्यामागची दोन ओकची झाडे आणि पलीकडची मुलांची शाळा हे सगळे त्या चिठ्ठ्यांमधल्या ४० एकरी ‘सोन्याच्या लॉट’वर आहे.

ही सोडत निघाली तेव्हा त्या जमिनीवर चेरोकी लोक राहत होते आणि ती जमीन सोडण्याचा कोणताही तह त्यांनी केलेला नव्हता. तो तह, म्हणजे ज्याला तह म्हटले जाते तो कागद, त्यानंतर तीन वर्षांनी झाला. आधी वाटप आणि मग खरेदीखत, असा हा व्यवहार आहे. माझ्या मालकीची साखळी तेथून सुरू होते, आणि या पत्रात माझा संबंध काय, याचे उत्तर एवढेच आहे.

आता त्या व्यवहाराकडे येते.

१८३० पर्यंत चेरोकी लोकांना ‘रानटी’ म्हणून बाजूला सारण्याची सोयही उरलेली नव्हती. सेक्वोया या त्यांच्यातल्याच माणसाने आपल्या भाषेसाठी स्वतंत्र अक्षरमाला तयार केली होती आणि १८२१ नंतर थोड्याच वर्षांत ती घरोघर पोचली होती. १८२७ मध्ये त्यांनी आपली लिखित राज्यघटना केली आणि पुढच्या वर्षी जॉन रॉस यांना प्रमुख निवडले. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू एकोटा या त्यांच्या राजधानीत ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र निघाले, ज्यात चेरोकी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. मराठी वाचकाला येथे थांबावेसे वाटेल, कारण आमचे ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजीत असेच दोन भाषांत ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी. योगायोग एवढ्यावरच संपत नाही. ‘फीनिक्स’ची अक्षरे बोस्टनला ओतून घेण्याची व्यवस्था ज्या मिशनरी सॅम्युअल वूस्टर यांनी केली, त्यांना चेरोकींकडे पाठवणारे बोस्टनचे अमेरिकन बोर्ड हेच १८१३ मध्ये मुंबईत आपले पहिले मिशनरी उतरवणारे आणि १८३१ मध्ये आमच्या नगरला मिशन उघडणारे बोर्ड होते. त्या मिशनच्या आवाराच्या भिंतीवरून चिंचा पाडत मी लहानाची मोठी झाले. त्याच बोर्डाचा दुसरा माणूस जॉर्जियात तुरुंगात होता, हे मला वयाच्या चाळिशीत कळले.

वूस्टर तुरुंगात गेले ते असे. डहलोनेगाच्या परिसरात सोने सापडल्यावर जॉर्जियाने चेरोकींच्या भूमीवर आपले कायदे लागू केले, त्यांचे सरकार बेकायदा ठरवले, गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकी माणसाची साक्ष न्यायालयात चालणार नाही असे केले, आणि राज्याचा परवाना घेतल्याशिवाय गोऱ्यांनी तेथे राहू नये असा नियम घातला. वूस्टर आणि एलायझर बटलर यांनी तो परवाना नाकारला आणि दोघांना चार वर्षे सक्तमजुरी झाली. ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चेरोकी राष्ट्र हा स्वतंत्र समाज आहे, त्याच्या हद्दीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. जॉर्जियाने निकाल मानला नाही आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तो मानायला लावला नाही. ‘मार्शलने निकाल दिला आहे, आता त्यानेच अमलात आणावा’ हे जॅक्सनच्या तोंडी घातले जाणारे वाक्य ते म्हणाले असल्याचा तेव्हाचा पुरावा नाही, पण ते वागले अगदी तसेच. हे तेच जॅक्सन, ज्यांच्या बाजूने १८१४ च्या मार्चमध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत चेरोकी योद्धे नदी पोहून गेले होते. निकाल मार्चमध्ये लागला आणि त्याच वर्षी शरद ऋतूत सोडतीची पिंपे फिरू लागली.

तुमच्या सभागृहाचा हात यात कोठे होता, तेही नोंदवायला हवे. मूलनिवासींच्या स्थलांतराचा कायदा २६ मे १८३० रोजी तुमच्याच सभागृहात १०२ विरुद्ध ९७ अशा मतांनी संमत झाला. टेनेसीचे डेव्ही क्रॉकेट यांनी आपल्याच राज्यातल्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध मत दिले. सेनेटमध्ये न्यू जर्सीचे फ्रेलिंगहायसेन तीन दिवसांत मिळून सहा तास बोलले, आणि त्यांना उत्तर देत कायद्याची बाजू मांडणाऱ्यांत जॉर्जियाचे जॉन फॉर्साइथ होते. आमच्या काउंटीला नाव त्यांचेच आहे. फ्रेलिंगहायसेन यांच्या नावाचा निदान एखादा रस्ता तरी आमच्या भागात असेल म्हणून मी नकाशा धुंडाळला, पण मला तो सापडला नाही.

२९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू एकोटात जो तह झाला, त्यावर वीसेक चेरोकी माणसांनी सह्या केल्या. त्यांना निवडून आलेल्या चेरोकी सरकारचा अधिकार नव्हता. रॉस यांनी १५ हजारांहून अधिक नावांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला नेला, आणि सारे राष्ट्र तेव्हा सुमारे १६ हजारांचे होते. तरीही सेनेटने तो तह ३१ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केला. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर दोनतृतीयांश बहुमत भरले नसते. जमीन सोडून जाण्यासाठी दिलेली दोन वर्षांची मुदत २३ मे १८३८ रोजी संपली. जनरल विनफील्ड स्कॉट यांच्या हाताखालच्या सुमारे सात हजार सैनिकांनी माणसांना घरांतून काढून लाकडी कुंपणांच्या छावण्यांत कोंडले आणि तेथून त्यांना पश्चिमेकडे, आजच्या ओक्लाहोमाकडे, चालवत नेले. हीच ‘अश्रूंची वाट’. शेवटच्या तुकड्या १८३९ च्या मार्चमध्ये पोचल्या. छावण्यांत आणि वाटेत मिळून सुमारे चार हजार माणसे मेली असा अंदाज धरला जातो. त्या वाटेवर श्रीमंत चेरोकींच्या मालकीचे काळे गुलामही चालत होते, आणि चेरोकींची बाजू मांडताना ही गोष्ट झाकून ठेवावी असे मला वाटत नाही.

या तहाचे सातवे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. चेरोकी राष्ट्राने मोठी प्रगती केली आहे असे त्यात आधी कबूल केले आहे, मग या तहाने हमी दिलेल्या हक्कांचे परिणामकारक रक्षण व्हावे असे म्हटले आहे, आणि त्यासाठी असे ठरवले आहे की काँग्रेस तशी तरतूद करील तेव्हा चेरोकी राष्ट्राला संयुक्त संस्थानांच्या प्रतिनिधिगृहात एका प्रतिनिधीचा हक्क राहील.

त्या तरतुदीची वाट पाहणे अजून चालू आहे.

माझी पहिली तक्रार साधी आणि व्यवहारातली आहे. तहाच्या एका बाजूची अंमलबजावणी बंदुकीच्या टोकावर, ठरलेल्या तारखेला झाली. दुसऱ्या बाजूतली जी एक ओळ अमलात आणायला ना सैन्य लागते ना फारसा पैसा, ती मात्र भिजत पडली आहे. आमच्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. जमीन कोणाच्याही नावावर असो, तिच्यावरचा बोजा, कुळाचा हक्क, फेडायचे राहिलेले कर्ज त्या रकान्यात दिसते, आणि घेणारा ते पाहून घेतो. माझ्या जॉर्जियातल्या खरेदीखतात तसा रकाना नाही. असता तर त्यात सातवे कलम लिहिलेले असते आणि फॉर्साइथ, चेरोकी, लंपकिन अशा सगळ्या काउंट्यांतल्या घरमालकांना ते दर विक्रीच्या वेळी दिसले असते. हा बोजा माझ्याकडून फिटण्यासारखा नाही. तो फेडण्याचा अधिकार केवळ तुम्हाला आहे, म्हणून तक्रार तुमच्याकडे करते आहे.

दुसरी तक्रार अशी की हे वचन एकदा अनवधानाने दिले गेले असे मानायला जागा नाही. १७७८ मध्ये, क्रांतियुद्ध चालू असताना, फोर्ट पिटच्या तहात डेलावेअर या मूलनिवासी लोकांना पुढेमागे स्वतःचे राज्य आणि काँग्रेसमध्ये प्रतिनिधित्व मिळण्याची आशा दाखवली गेली. १७८५ च्या होपवेलच्या तहात, बाराव्या कलमात, चेरोकींना वाटेल तेव्हा आपल्या पसंतीचा माणूस काँग्रेसकडे पाठवण्याचा हक्क दिला गेला. १८३० मध्ये चोक्टॉ लोकांनी डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहात हीच मागणी नोंदवून घेतली, आणि त्यानंतर १८३५ आले. नव्या प्रजासत्ताकाला मित्र किंवा जमीन हवी असे तेव्हा सभागृहातली खुर्ची बोलण्यात यायची. काम झाले की ती पुन्हा दिसेनाशी व्हायची.

तिसरी तक्रार तुमच्या अलीकडच्या वागण्याबद्दल आहे. २०१९ मध्ये चेरोकी राष्ट्राने या कलमाखाली प्रथमच प्रतिनिधी नेमला. त्यांचे प्रमुख चक हॉस्किन ज्युनियर यांनी किंबर्ली टीही यांचे नाव सुचवले आणि त्यांच्या परिषदेने ते मान्य केले. तुमच्या नियम समितीने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी सुनावणी घेतली. अनुकूल शब्दही बोलले गेले. त्यानंतर हा विषय सभागृहात मताला आलाच नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याशी निदान वाद घालता येतो; तुम्ही ‘हो’ म्हणाला नाहीत आणि ‘नाही’ही म्हणाला नाहीत, ही या प्रकरणातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, क्रीक या दुसऱ्या मूलनिवासी राष्ट्राच्या हद्दीसंबंधीच्या खटल्यात, न्यायमूर्ती गोर्सच यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची सुरुवात ‘अश्रूंच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला एक वचन होते’ अशी केली होती. न्यायालयाला जे दिसले ते १८३२ मध्येही दिसले होते, आणि अमलात आणायची वेळ आली की तेव्हाप्रमाणे आताही गाडी वॉशिंग्टनमध्येच अडते.

तुमच्या बाजूने काही आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. ओक्लाहोमातले चेरोकी नागरिक आपापल्या मतदारसंघातून आधीच मत देतात, मग त्यांना दुहेरी प्रतिनिधित्व कसे, हा त्यातला मुख्य आहे. पण येथे मागितलेली जागा अंतिम मतदानात मत नसलेली आहे, जशी आज कोलंबिया जिल्हा, पोर्टो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटे, अमेरिकन सामोआ आणि उत्तर मारियाना बेटे यांच्या प्रतिनिधींची आहे. शिवाय तहाने जागा एका मतदारसंघाला दिलेली नाही, एका राष्ट्राच्या सरकारला दिली आहे. दुसरा आक्षेप असा की १८७१ मध्ये काँग्रेसने मूलनिवासींशी तह करणेच थांबवले. ते खरे आहे, पण त्याच कायद्यात आधीच्या तहांची बंधने कायम राहतील असेही लिहिले आहे, आणि १८६६ च्या तहाने चेरोकींशी झालेल्या आधीच्या तहांतली विसंगत नसलेली कलमे पुन्हा मान्य केली होती. ‘काँग्रेस तरतूद करील तेव्हा’ या शब्दांवर बोट ठेवून काही जण म्हणतात की कधी करायची हे आमच्यावर आहे. कर्जरोख्यात ‘सवडीने फेडीन’ असे लिहून देणाऱ्याला दोन शतके होत आल्यावरही सवड झाली नाही, तर कोणते न्यायालय त्याचे ऐकेल, हे तुमच्यातल्या वकिलांनी सांगावे. चौथा आक्षेप मला खरोखर अवघड वाटतो. आज संघ सरकारने मान्य केलेली चेरोकींची तीन सरकारे आहेत, आणि या एका जागेवर एकाहून अधिक दावे आहेत. पण त्याचा निवाडा तुम्हीच करायचा आहे. दावेदार अनेक आहेत म्हणून कोणालाच काही द्यायचे नाही, असा निकाल आमच्या गावच्या वाटणीच्या भांडणातही कोणी दिलेला मला आठवत नाही.

नागरिकत्व घेताना मी शंभर प्रश्नांची पुस्तिका पाठ केली होती. अमेरिकेतल्या एका मूलनिवासी जमातीचे नाव सांगा, या प्रश्नाला मी ‘चेरोकी’ असे उत्तर पाठ केले, कारण छापील यादीत तेच पहिले होते. प्रतिनिधिगृहात ‘मताधिकार असलेले’ सदस्य किती, याचे उत्तर ४३५. त्या ‘मताधिकार असलेले’ या शब्दांकडे तेव्हा माझे लक्षही गेले नाही. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, याला मी ‘संविधान’ असे म्हणाले आणि अधिकाऱ्यांनी ते बरोबर धरले. संविधानाच्या सहाव्या कलमात तहांनाही सर्वोच्च कायद्यात गणले आहे, हे मात्र त्या पुस्तिकेत नव्हते. ते मी नंतर, माझ्या खरेदीखतामागे धावताना वाचले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही न्यू एकोटाला गेलो होतो. कॅल्हूनजवळ त्या जागेवर आता राज्याचे स्मारक आहे. वूस्टर यांचे घर तेवढे मूळचे, मूळ जागेवर उभे आहे. जवळच व्हॅन यांची लाकडी खाणावळ आहे, जी मुळात आमच्याच काउंटीत चॅटाहूची नदीकाठी होती आणि लेक लेनियरच्या पाण्याखाली जाणार म्हणून विसाव्या शतकात उचलून तेथे नेली गेली. छापखाना नव्याने बांधलेला आहे. जुने छापयंत्र जॉर्जियाच्या शिपायांनी १८३५ मध्येच जप्त केले होते, पण जमिनीत विखुरलेले छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे पुढे उत्खननात सापडले. ते पाहताना माझ्या डोळ्यांपुढे ‘दर्पण’चा छापखाना येत होता. त्याच्यावर असे शिपाई आले नाहीत. तेथून आमच्या घरी गाडीने दीड तासही लागत नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

चालू अधिवेशनातच सातव्या कलमाखालील जागेचा ठराव सभागृहापुढे आणावा आणि त्यावर नावानिशी मतदान घ्यावे. १७९४ मध्ये ओहायो नदीच्या दक्षिणेकडील प्रदेशाचे जेम्स व्हाइट यांना सभागृहाने आपल्या निर्णयाने जागा दिली होती, आणि मत नसलेल्या प्रतिनिधींची तुमच्याकडची परंपरा तेथूनच सुरू होते. तो प्रदेश आजचा टेनेसी, ज्याचा बराच भाग तेव्हा चेरोकींचाच होता, हेही त्या निमित्ताने कोणीतरी सभागृहात बोलून दाखवावे.

केवळ ठराव पुरेसा नाही, सेनेटची संमती असलेला कायदाच हवा, असे तुमच्या विधिज्ञांचे मत असेल तर ते मत लेखी प्रसिद्ध करावे आणि तसे विधेयक तारीख ठरवून मांडावे.

तिन्ही चेरोकी सरकारांचे म्हणणे ऐकून, कारणे देऊन निवाडा करावा. चोक्टॉ आणि डेलावेअर यांना दिलेल्या आश्वासनांबाबतही सभागृहाची भूमिका काय आहे ते जाहीर करावे.

आणि जागा द्यायचीच नसेल, तर तसे मतदानाने सांगावे, म्हणजे कोणी काय केले याची नोंद १०२ विरुद्ध ९७ च्या शेजारी राहील.

कळावे.

आपली,
फॉर्साइथ काउंटीतील एक मतदार

सोबत :
१. माझ्या खरेदीखतातील मिळकतीच्या वर्णनाचे पान.
२. न्यू एकोटा तहातील सातव्या कलमाची प्रत.
३. आपल्याकडून आलेली दोन आभारपत्रे (आरोग्यविम्याच्या उल्लेखासह), परत.